चेहरा कुणी पाहिला होता?

आष्टीच्या मकबऱ्याने जहांगीरकालीन सरदार मुहम्मदखान नियाझीचं नाव राखलं. चेहरा राखणं दगडाचं काम नव्हे. ते काम कोरीव चित्रावर सोपवलं, तरी डोळे झाकून विश्वास ठेवू नये. हॉलंडचा काउंट पाचवा फ्लोरिस १२९६ मध्ये मारला गेला. फिलिप्स गालेने हॉलंडच्या काउंटांची तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली चित्रमालिका काढली १५७८ मध्ये. फ्लोरिसनंतर दोनशे ब्याऐंशी वर्षांनी! तिच्यातून कळतो तो वंशाभिमान, चेहरा नव्हे.

मग व्हॅलेंटाइनच्या १७२४-२६ च्या डच ग्रंथातलं शिवाजी महाराजांचं चित्रही असंच निकालात काढायचं? कोरणाऱ्याने महाराजांना पाहिलं नव्हतं, हा आक्षेप खराच. शिवाय तांब्यावर जसंच्या तसं कोरलं, तर कागदावर डाव्याचं उजवं उमटतं. तेव्हा अशा चित्रात कोण कुठल्या बाजूला पाहतो, यावर वाद घालणं फुकट. पण इथे निधनानंतरचं अंतर जेमतेम अर्धशतकाचं आहे, आणि ताडून पाहायला त्याहून जुना कागदही आहे. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं, विट्सेन या संग्राहकाच्या संग्रहातलं महाराजांचं गोवळकोंडा शैलीचं लघुचित्र १६८६ च्या सुमाराचं. महाराज गोवळकोंड्याला गेले होते १६७७ मध्ये. त्यांना पाहिलेली माणसं हे लघुचित्र काढलं तेव्हा त्या शहरात हयात असणार.