दर दोन तासांनी कूस

माणूस उचलायला ताकद लागते, असा आमच्या घरात सर्वांचा समज होता. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि महिनाभराने त्यांना नागपूरच्या इस्पितळातून पारशिवनीच्या घरी आणले, त्या दिवशी तो समज उंबरठ्यावरच मोडला. हे, धाकटे भावजी आणि शेजारची दोन तरणी पोरे असे चौघे होते; पण स्ट्रेचर काही माजघराच्या दारातून वळेना. जुन्या घरांची दारे बेताचीच. त्यातून आडवा माणूस बाहेर तेवढा जायचा, आत कधी यायचा नाही, असेच सुताराने धरून चाललेले असावे! अखेर चौघांनी चादरीची चार टोके धरली. चादर मधोमध खचली आणि सासूबाईंची पाठ उंबऱ्याला घासली. जीभ जड झालेली, तरी त्या स्वच्छ म्हणाल्या, ‘‘मला पोत्यासारखं काय उचलून राहिले रे?’’

त्यांना नागपुरातच ठेवावे, असे पुष्कळांचे मत होते. भावजींनी तर पुण्याला परतल्यावर फोनवरून रोज तेच सांगितले. (उपदेश फोनवर फार स्वस्त पडतो.) पण सासूबाईंना आपले घर हवे होते. ह्यांची नोकरी नागपूरची, सकाळी जाऊन रात्री येण्याची. म्हणजे दिवसभर घरात मी आणि कामाला येणारी बाई.

पहिली चूक माझीच. उशीवर वर सरकवायचे म्हणून मी त्यांचा डावा, लुळा हात धरून ओढला. लुळ्या हाताचे स्नायू सैल पडलेले असतात, खांदा धरून ठेवायला त्यांच्यात बळ नसते, हे मला कुठे ठाऊक! खांदा सुजला आणि पुढे महिनाभर त्या रात्री कण्हत राहिल्या. तो आवाज माझ्या अजून कानांत आहे.

मग एका अनुभवी नर्सबाईंना विनवून घरी आणले. त्यांनी आधी काय केले असेल, तर बाजेच्या चारही पायांखाली विटा घातल्या. बाज आपल्या कमरेइतकी उंच झाली की वाकावे लागत नाही. शुश्रूषा करणाऱ्याची कंबर गेली तर घरात दोन रोगी होतात, असे त्या म्हणाल्या. मग एक जुनी सुती चादर दुहेरी घडी करून खांद्यांपासून मांड्यांपर्यंत येईल अशी आडवी अंथरली. दोघींनी दोन बाजूंना उभे राहून तिच्या कडा अंगाजवळ गुंडाळायच्या, गुडघे किंचित वाकवायचे, रोग्याला आधी सांगायचे, आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून चादरीसकट सरकवायचे. अंग गादीवरून फरफटत न्यायचे नाही, कारण फरफटीने वरची कातडी जागीच राहते, आतले मांस सरकते आणि मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात. मी एकटी असले तर काय, तेही त्यांनी दाखवले. ज्या कुशीवर वळवायचे त्या बाजूला आपण उभे राहायचे. पलीकडचा गुडघा वाकवायचा, पलीकडचा हात छातीवर घ्यायचा, आणि एक हात खांद्याच्या मागे, एक कुल्ल्यावर ठेवून आपल्याकडे वळवायचे. सासूबाईंचे वजन साठ किलो. त्या अलगद वळल्या. कामाची बाई थक्क होऊन म्हणाली, ‘‘बाई, हे तं पोरीच्या खेळावानी झालं!’’

तरीही मे महिन्यात घात झालाच. आमच्याकडच्या उन्हाळ्याची मुंबई-पुण्याच्या वाचकांना कल्पना यायची नाही. पारा पंचेचाळिसाला भिडतो. गादीवर रबरी कापड, त्यावर घामाने भिजलेले पातळ. त्यातच दोन रात्री मला ताप आला आणि कूस बदलायची राहिली. तिसऱ्या दिवशी माकडहाडावर रुपयाएवढा डाग दिसला. बोटाने दाबला तरी रंग जाईना. डाग दाबल्यावर फिका पडला नाही, म्हणजे आत इजा झाली. सावळ्या अंगावर रंग चटकन कळत नाही. तिथे हाताला ऊन किंवा कडक लागते का, ते पाहावे. मी मात्र घाबरून स्पिरिट आणि पावडर लावून जोराने चोळले. पूर्वी सगळीकडे तेच करीत. पण दबलेल्या जागी चोळल्याने आतली इजा वाढते, आणि भोकाची रबरी कडी खाली ठेवली तर कडेने नवा दाब पडतो. दोन्ही रीती आता टाकून दिल्या आहेत.

दर दोन तासांनी कूस बदलण्याची शिस्त पहिल्यापासून होती असे नाही. १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल इथे डॉक्टर लुडविग गुटमन यांनी कणा मोडलेल्या सैनिकांचा वॉर्ड उघडला. अशी माणसे त्या काळी व्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या विकारांनी मरत. गुटमन यांनी त्यांना रात्रंदिवस दोन-दोन तासांनी वळवायला लावले, आणि माणसे जगू लागली. पुढे १९६२ साली डोरीन नॉर्टन या परिचारिकेने म्हाताऱ्या रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रकृती, मनाची जागृती, हिंडणे-फिरणे, अंथरुणातली हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा, अशा पाच गोष्टींना गुण देऊन कोणाला व्रणाचा धोका अधिक हे ठरवता येते, असे तिने दाखवले. सासूबाई पाचांपैकी चारांत नापास होत्या.

आम्ही घड्याळाचा गजर लावला. रात्री अकरा आणि तीनची पाळी ह्यांची, एक आणि पाचची माझी. पाठीमागे उशी लावून थोडे कलते निजवायचे, अगदी कुशीवर नव्हे. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवायच्या. हवेची गादी आणली, पण तिच्यावर विसंबलो नाही. खिडकीला वाळ्याचा पडदा, रोज घट्ट वरण, दूध, दही. घास सुपारीएवढा, तोही उठवून बसवून, हनुवटी छातीकडे घेऊन. आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करायचे नाही. घरच्या संत्र्याच्या रसाने ठसका लागे, म्हणून तो बंद झाला. त्याबद्दल त्या माझ्यावर आठ दिवस रुसल्या होत्या. डॉक्टरांच्या मलमपट्टीने व्रण आषाढ सरता सरता भरून आला.

पण त्या भिंतीकडे तोंड करून पडू लागल्या. तेव्हा मी त्यांना वरोऱ्याच्या बाबा आमट्यांची हकिकत सांगितली. कण्याच्या दुखण्याने बाबांना बसताच येत नसे. उभे राहायचे, नाही तर आडवे व्हायचे. तशा स्थितीत १९८५ साली ते कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रेला निघाले आणि गाडीत झोपून देश ओलांडला. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘मला ओसरीपर्यंत तर न्याल?’’

खुर्ची उजव्या, म्हणजे धडक्या बाजूला लावायची, पाय जमिनीवर टेकवायचे, कमरेला पट्टा बांधून पट्ट्याला धरायचे, हाताला नाही. पहिल्या दिवशी त्या पाच मिनिटे बसल्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी केली.

गेल्या नरकचतुर्दशीला पहाटे मी त्यांना अंथरुणातच अभ्यंग घातले. एक-एक अवयव उघडायचा, तेल-उटणे लावायचे, कोमट पाण्याच्या फडक्याने पुसायचा, कोरडा करून झाकायचा. पाठ पुसण्यासाठी वळवले, तर त्या म्हणाल्या, ‘‘आता अशीच राहू दे. इथून दारातली पणती दिसून राहिली.’’

गजराला अजून दीड तास होता.