कोंबडा की कोंबडी?

करवंद तोंडात टाकण्यापूर्वी ‘कोंबडा की कोंबडी?’ असे ज्याने कधी विचारले नाही, असा कोकणातला मुलगा विरळाच. फळ आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरट निघाले तर कोंबडी! हा खेळ आपण सर्वांनी खेळला. परंतु करवंद मुद्दाम लावताही येते, हे मात्र आपल्या गावीही नसते.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो, तो परड्याभोवतीची करवंदीची जुनी जाळी तोडून तेथे काटेरी तार ठोकलेली. काकांचे म्हणणे, तार एका दिवसात उभी राहते. ते खरेच होते. आजी एवढेच म्हणाली, “तारेला फुलं येत नाहीत रे बाबा.” तेव्हापासून करवंदीची माहिती मिळेल तेथून गोळा करू लागलो.

हल्ली शहरांतील दुकानांत क्रॅनबेरी नावाचे सुकवलेले परदेशी फळ मिळते आणि करवंदालाही कोणी कोणी ‘भारतीय क्रॅनबेरी’ म्हणतात. रंग आणि आंबटपणा सोडला, तर दोघांचे नाते नाही. क्रॅनबेरी ही उत्तर अमेरिकेतील आम्लधर्मी, दलदलीच्या जमिनीत सरपटत वाढणारी वेल. तिला हिवाळ्यातील कडक थंडी लागते. फळात हवेचे कप्पे असल्यामुळे वाफ्यात पाणी भरून फळे तरंगवतात आणि मग गोळा करतात. करवंदीचे सारे उलट. ती कण्हेरीच्या कुळातील, म्हणून फांदी मोडली की पांढरा चीक येतो. खडकाळ माळ, हलकी जमीन, रणरणते ऊन तिला चालते. मुळाशी साचलेले पाणी मात्र चालत नाही.

लागवड सोपी आहे. पूर्ण पिकलेल्या फळांतील बिया धुऊन, सावलीत सुकवून लगेच पेराव्यात. त्यांची उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून पुढच्या वर्षासाठी डब्यात ठेवण्यात अर्थ नाही. रोपे पहिल्या वर्षी सावकाश वाढतात. ती पुढच्या पावसाळ्याच्या आरंभी जागेवर लावावीत. कुंपणासाठी दोन-तीन फुटांवर, फळांसाठी आठ-दहा फुटांवर. बियांच्या रोपांची फळे मूळ झाडासारखीच येतील असे नाही. म्हणून चांगल्या झाडाची गुटी पावसाळ्याच्या तोंडी बांधतात. दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळांची जात दिली आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. करवंदीची फुले फांद्यांच्या टोकांना येतात. कुंपण देखणे दिसावे म्हणून वर्षभर कात्री चालवली, तर फळे हाती लागत नाहीत. छाटणी फळे उतरल्यावर, एकदाच करावी.

कच्च्या फळांचे लोणचे आणि चटणी होते. त्यांत पेक्टिन भरपूर असल्याने जेली उत्तम जमते. बेकरीतील केकवर लालभडक ‘चेरी’ म्हणून मिरवते, ते पुष्कळदा साखरेच्या पाकात मुरवून रंगवलेले करवंदच असते!

मात्र परड्यात चार झुडपे लावली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे नाही. ‘डोंगरची काळी मैना’ द्रोणांतून विकणाऱ्या कातकरी, ठाकर बाया पहाटे जाळीत शिरतात, हात ओरबाडून घेतात आणि त्यातून उन्हाळ्याचे चार पैसे मिळवतात. वणव्यात किंवा यंत्राखाली डोंगरावरची जाळी गेली, की त्यांची ही मिळकतही जाते. आपल्या परड्यातील करवंदीने ती भरून निघणार नाही. म्हणून परड्यात नवी लावावी आणि डोंगरावरची जुनी राखावी, ही दोन्ही कामे आपलीच.

यंदा मी तारेच्या आतल्या बाजूने बारा रोपे लावली आहेत. काका हसले, पण पाणी त्यांनीच घातले. चार-पाच वर्षांनी तार गंजू लागेल, तेव्हा करवंदी फुलावर असेल. तेव्हा आजीला विचारायचे आहे, “सांग, कोंबडा की कोंबडी?”