गळतंय कुठे, दिसतंय कुठे!

सिव्हिलला अॅडमिशन मिळाली की घरचे आणि शेजारचे मिळून तुम्हाला डिग्रीच्या आधीच एक डिग्री देऊन टाकतात. कॉम्प्युटरवाल्यांना जसं कोणीही प्रिंटर दुरुस्त करायला बोलावतं, तसं आम्हाला जून उजाडला की छत बघायला बोलावतात. 'इंजिनिअर होणार ना तू, मग सांग बघू ही ओल कुठून येते?' गंमत म्हणजे हा प्रश्न सिलॅबसमध्ये जवळजवळ नाहीच. बीमचा बेंडिंग मोमेंट मी झोपेतही काढीन, पण बाथरूमच्या खालच्या भिंतीला पोपडे का येतात यावर चार सेमिस्टरमध्ये चार मार्कांचासुद्धा प्रश्न आलेला नाही.

आमचं घर डोंबिवलीला. चार मजली इमारत, लिफ्ट नाही, आम्ही सर्वात वर. आजीच्या खोलीतल्या छताला दोन पावसाळ्यांपूर्वी एक पिवळा डाग आला. मागच्या पावसाळ्यात तो परातीएवढा झाला आणि एका रात्री प्लास्टरचा तुकडा तिच्या पलंगाच्या पायथ्याशी पडला. तिथून सल्ल्यांचा जो पाऊस सुरू झाला, तो खऱ्या पावसापेक्षा जोरात होता! दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, पांढरं सिमेंट घोटून लावा. समोरच्या काकू म्हणाल्या, त्यांच्या भावाने गच्चीवर डांबराचा कागद टाकला, एकदम मस्त झालं. सेक्रेटरी काकांचं म्हणणं, जुन्या कोब्यावर आणखी एक कोबा टाकू, विषय संपला. आणि बाबांचा स्वतःचा बेत होता की पीओपीचं खोटं छत करून घेऊ, खोलीपण छान दिसेल.

हे सगळे सल्ले प्रेमाने दिलेले होते आणि त्यातला प्रत्येक कुठे ना कुठे खरोखर उपयोगी पडलेला होता. अडचण इतकीच की प्रत्येक जण आपल्या घरातल्या आजाराचं औषध आमच्या घराला देत होता. आधी रोग तर कळायला हवा!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मला 'सीपेज' हा शब्द ठाऊक होता. 'झिरपणं' हा शब्द मला आमच्या गवंडीमामांनी दिला आणि तो जास्त बरोबर वाटतो, कारण त्यात पाण्याचा स्वभाव आहे. पाणी सरळ खाली पडत नाही. स्लॅबमध्ये शिरलं की ते उताराने, भेगेने किंवा विजेच्या वायरच्या पाइपमधून सरपटत जातं आणि जिथे वाट मिळेल तिथे बाहेर येतं. म्हणून पुष्कळ घरांत पहिला थेंब पंख्याच्या हुकातून पडतो. (असं झालं तर आधी त्या खोलीचा एमसीबी बंद करा, मग बादली शोधा. हा क्रम उलटा करू नका.) डागाच्या बरोबर वर गच्चीत भेग असेलच असं नाही. ती चार-पाच फूट लांबही असू शकते.

मग शोधायचं कसं? सर्वात स्वस्त उपकरण म्हणजे कॅलेंडर. ओल कधी वाढते ते रोज लिहायचं. फक्त पावसात वाढत असेल तर गच्ची, कठडा, खिडकीवरचा छज्जा किंवा बाहेरची भिंत. आंघोळी आटोपल्यावर तासा-दोन तासांनी वाढत असेल तर वरच्या बाथरूमची नहाणी किंवा सांडपाण्याचा पाइप. आणि उन्हाळा असो की पावसाळा, ती कायम सारखीच ओली असेल तर नळाची लाइन, कारण तिच्यात पाणी सतत दाबाखाली असतं. मीटर असेल तर घरातले सगळे नळ बंद करून तो फिरतोय का ते बघा. नसेल तर त्या लाइनचा व्हॉल्व्ह एक दिवस बंद ठेवा. एवढ्यानेच अर्धे संशयित सुटतात.

दुसरी युक्ती प्लास्टिकची. फूट-दीड फूट चौकोनी प्लास्टिकचा तुकडा ओल्या भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का चिकटवायचा आणि एक-दोन दिवस सोडून द्यायचा. थेंब खोलीच्या बाजूला जमले तर ती हवेतली वाफ आहे, थंड भिंतीवर बसलेली. अशा वेळी वॉटरप्रूफिंगवर पैसे घालण्यापेक्षा खिडकी उघडलेली बरी. थेंब भिंतीच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतूनच येतंय.

बाथरूमचा संशय असेल तर नहाणीचं तोंड कापडाच्या बोळ्याने आणि पॉलिथिनने गच्च बांधायचं, इंच-दीड इंच पाणी भरायचं, त्यात खाण्याचा रंग टाकायचा आणि २४ तास थांबायचं. खाली डाग वाढला, तर फरशी किंवा नहाणीचा सांधा गळतोय. नाही वाढला आणि तोंड सोडल्यावर मात्र वाढला, तर दोष पुढच्या पाइपात. रंगीत थेंब पडले तर वाद घालायला जागाच उरत नाही. वरचे आणि खालचे शेजारी यांच्यात अबोला असेल तर हा रंग फार कामाचा! गच्चीचंही असंच करतात, फक्त तिथे ४८ तास पाणी ठेवलेलं चांगलं.

आता आमच्या इमारतीतल्या सल्ल्यांकडे वळू. पांढरं सिमेंट टाइल्सच्या सांध्यांत भरायला वर्षानुवर्षं वापरतात, पण ते ताणलं की तडकतं. इमारत उन्हाने रोज थोडी फुगते आणि आकसते. सांध्यांसाठी इपॉक्सी ग्राउट महाग पडतं पण टिकतं. एम-सील पाइपच्या सांध्याला तात्पुरतं ठीक, स्लॅबला नाही. आणि आतून कितीही भारी ऑइल पेंट मारला तरी पाणी मागून येतच राहतं, रंगाला फुगे येतात आणि दिवाळीपर्यंत पोपडे. जी बाजू पाण्याकडे आहे तिथे अडवायचं, हा नियम. भिंत पूर्ण वाळल्याशिवाय रंगाचा डबा उघडूसुद्धा नये.

सेक्रेटरी काकांच्या कोब्याचं मात्र मी वहीवर गणित केलं. विटांचे तुकडे आणि सिमेंटचा मसाला मिळून कोबा घनमीटरला साधारण २००० किलो भरतो. चार इंच, म्हणजे १० सेंटीमीटर जाडीचा थर चौरस मीटरला २०० किलो झाला. आयएस ८७५ प्रमाणे लोकांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी डिझाइनमध्ये धरायचा चल भार आहे चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे जेमतेम १५० किलो. अख्खी सोसायटी कोजागरीला गच्चीवर जमली तरी जो भार धरलाय, त्यापेक्षा जास्त आपण कायमचा टाकायला निघालो होतो! आमच्या घरावरची गच्ची सुमारे ५० चौरस मीटर आहे, म्हणजे १० टन. दोन मोठे हत्ती आजीच्या खोलीवर चढवून तिला म्हणायचं, झोप आता निवांत. नवा कोबा करायचा तर जुना काढून करायचा. घमेल्या-घमेल्याने उतरवायला मजुरी लागते, म्हणून कोणी ते सुचवत नाही.

आणि पीओपी. इथे मी घरात खरोखर भांडले. कारण डाग हा दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

काँक्रीटमधली सळई गंजत नाही, कारण ताज्या काँक्रीटचा पीएच १२.५ च्या वर असतो आणि त्यात सळईवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, चुन्याशी रिअॅक्शन होऊन कॅल्शियम कार्बोनेट बनतं आणि पीएच ९ च्या खाली उतरतो. हा बदल सळईपर्यंत पोचला आणि सोबत पाणी असलं की गंज सुरू. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असतं. त्याला जागा नसते, मग तो वरचं काँक्रीट ढकलून पाडतो. आयएस ४५६ मध्ये सळईवर काँक्रीटचं आवरण साध्या परिस्थितीत २० मिलिमीटर, मध्यम परिस्थितीत ३० आणि तीव्र परिस्थितीत ४५ सांगितलंय ते याचसाठी. जुन्या इमारतींत स्लॅब फोडून बघितला तर कुठे कुठे १० सुद्धा मिळत नाही. अकरावीत टायट्रेशनला वापरलेलं फेनॉल्फ्थॅलिन आठवतंय? तेच ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर शिंपडतात. गुलाबी झालं तर पीएच अजून शाबूत आहे. रंग नाही आला तर संरक्षण संपलंय. सळईजवळ बघायचं असतं ते हेच.

अशा छताखाली पीओपी लावलं म्हणजे जखमेवर पडदा. ओल वर साचत राहते, गंज वाढत राहतो आणि आपल्याला दिसत नाही. आणि पडेल तेव्हा पीओपीसकट पडेल. मी बाबांना लांब काठीने छत ठोकायला सांगितलं. चांगल्या भागात टणटण आवाज, डागाच्या आजूबाजूला हाताच्या दोन वितींपर्यंत भदभद. त्यांचा चेहरा उतरला. त्याच रात्री आजीचा पलंग हॉलमध्ये आला.

पोकळ वाजणारा भाग हे घरी करायचं काम नाही. सैल काँक्रीट काढायचं, सळई मागच्या बाजूनेसुद्धा घासून गंज काढायचा, जास्त झिजली असेल तर जोड सळई द्यायची, मग संरक्षक कोट आणि पॉलिमर मसाला. हे माहितगाराच्या देखरेखीखालीच. नुसता गंजावर गिलावा थापला तर तो पुन्हा पडतोच. बीमच्या तळाला सळईच्या दिशेने लांब भेग गेली असेल तर तेही हेच दुखणं. बाकी भेगांना घाबरण्याआधी त्यांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीची खूण करा, तारीख घाला आणि महिन्याने बघा. भेग खुणेच्या पुढे गेली तरच जिवंत.

भिंत पाडून हॉल मोठा करायचा, हा घरच्या दुरुस्तीतला सगळ्यात लाडका बेत. घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. स्वतः रंग लावा, नळाचा वॉशर बदला, ग्राउट भरा, हौसेने करा. खांब, बीम आणि स्लॅबला ड्रिलच्या वर काही लावू नका.

खर्च कोणाचा हा पुढचा तंटा. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून येणारी पावसाची गळती आणि त्यामुळे खराब झालेलं वरच्या मजल्याचं छत ही सोसायटीची जबाबदारी आहे, एकट्या वरच्या मजल्यावाल्याची नाही. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं, हेही त्यातच आहे. बाबांनी तो कागद मीटिंगमध्ये वाचून दाखवला. माझं हत्तींचं गणितही वाचलं म्हणे. मार्चमध्ये जुना कोबा उतरला आणि कठड्यापाशी गोलाई देऊन नवा झाला. छताची दुरुस्ती स्ट्रक्चरल इंजिनिअरने उभं राहून करून घेतली. आजी आपल्या खोलीत परत गेली, पण पलंगाची जागा तिने बदलून घेतली.

आता आपल्या लेडीज हॉस्टेलचं. दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत जो डाग आहे, तो फेब्रुवारीतसुद्धा ओला होता, म्हणजे पाऊस सुटला. सकाळी आठ ते नऊच्या गर्दीनंतर वाढतो, हे त्या खोलीतल्या दोघींनी तीन आठवडे कॅलेंडरवर मांडलंय. संशय वरच्या बाथरूमच्या नहाणीवर. पण २४ तास बाथरूम रिकामी ठेवायची म्हणजे हॉस्टेलमध्ये दंगलच! रेक्टर मॅडमनी दिवाळीच्या सुट्टीत ती तीन दिवस कुलूपबंद ठेवायचं कबूल केलंय. खाण्याचा रंग मेसमधून मिळेल, लाल सोडून कुठलाही.