लाईट आली, राउटर सुरू झाला, तरी रास्पबेरी पाय ऑफलाईनच? वायफाय आपोआप परत कसं जोडायचं?

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा गावात टाकीत पाणी किती उरलंय, हा प्रश्न रोजचाच. म्हणून समजा, तुम्ही पुण्यात नोकरीला आहात आणि गावच्या घरी टाकीवर सेन्सर लावून तो रास्पबेरी पायला जोडलाय. हा पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर. पहिला पाय २०१२ साली आला. टाकीची पातळी तुम्हाला मोबाईलवर दिसते.

मग एक दिवस लाईट जाते, येते आणि आकडा तिथंच अडकतो. आईला फोन करून सांगायचं, "जरा ती पिन काढून परत लाव." लातूर असो की नांदेड, उपाय हाच. पण पाय कार्डावर काही लिहीत असताना पिन काढली, तर मेमरी कार्ड खराब होऊ शकतं. मग रात्रीची लातूर एक्स्प्रेस पकडायची आणि घर गाठायचं.

होतं काय, तर पाय इन्व्हर्टरवर जागाच असतो, राउटर मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तो अर्धवट जागा असताना जोडणी फसते. नव्या रास्पबेरी पाय ओएसमध्ये वायफायचा कारभार नेटवर्कमॅनेजर पाहतो. तो सहसा चार वेळा प्रयत्न करतो आणि मग काही वेळ गप्प बसतो. या जोडणीच्या 'ऑटोकनेक्ट रिट्राइज'ला शून्य किंमत दिली, की तो थांबत नाही. इथं शून्य म्हणजे 'कायम प्रयत्न करत राहा'. त्याच जोडणीत 'पॉवरसेव्ह'ला २ द्या, म्हणजे वायफायची डुलकी बंद.

बऱ्याच घरांत एवढ्यावर भागतं. पण कधीकधी पाय स्वतःला 'कनेक्टेड' म्हणवतो आणि माहिती मात्र एक कण पुढं जात नाही. त्यासाठी पहारेकरी लागतो. एक छोटी स्क्रिप्ट लिहा आणि ती क्रॉनकडून दर पाच मिनिटांनी चालवा. स्क्रिप्ट पिंग करून विचारते, "आहेस का?" उत्तर आलं तर काम संपलं. नाही आलं तर वायफाय बंद करायचं, दहा सेकंद थांबून चालू करायचं. सलग सहा वेळा, म्हणजे अर्धा तास, हेच झालं तर व्यवस्थित रीबूट.

पिंग कुणाला करायचं, इथं बहुतेकांची चूक होते. इंटरनेटवरची तयार स्क्रिप्ट उचलली तर ती अनेकदा गुगलला पिंग करते. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली तर गुगल दिसणार नाही, पण वायफाय ठणठणीत असेल. बिचारा पाय मात्र विनाकारण रीबूट होत बसेल. म्हणून पिंग घरच्या राउटरलाच करा.

राउटरच रात्रभर बंद असेल तर? मग पाय सुरू होऊन तीन तास झाले नसतील, तर रीबूट करायचं नाही, ही अट टाका. हे तास 'अपटाइम'वरून मोजा, घड्याळावरून नको. पाय ५ च्या आधीच्या मॉडेलांत लाईट गेल्यावर वेळ लक्षात ठेवणारं घड्याळच नाही. ते वेळ इंटरनेटवरून घेतात, आणि नेमकं तेच इथं गेलेलं असतं.

पायमध्ये हार्डवेअर वॉचडॉगही असतो, पण तो अख्खा पाय गोठला तरच जागा होतो. वायफाय गेलेलं त्याला कळत नाही.

टाकीची मोटर पायवरून चालत असेल, तर ती बंद करण्याचं काम वायफायच्या भरवशावर ठेवू नका. तिथं फ्लोट स्विच हवाच.

आणि पुण्याला निघण्याआधी राउटरची पिन दहा मिनिटं काढून परत लावा. मोबाईलचं वायफाय बंद करून डेटावरून बघा, टाकीचा आकडा हलतोय का.