कृत्रिम पायाने खेळता येते

एखाद्याचा पाय अपघातात गेला, की घरचे म्हणतात, "संपलं सगळं. आता बसून खायचं." आपणही तसेच समजतो. पण ही समजूत खरी नाही. कृत्रिम पाय लावून माणूस चालतो, काम करतो आणि खेळतोसुद्धा.

पूर्वीच्या कृत्रिम पायावर बूट घालावाच लागे. उकिडवे बसता येत नसे. १९६८ च्या सुमारास जयपूरला रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबर व लाकूड वापरून नवा पाय बनवला. तो घालून अनवाणी चालता येते, शेतातल्या चिखलातही जाता येते. याला 'जयपूर फूट' म्हणतात.

जोरात धावण्यासाठी वेगळा पाय असतो. तो कार्बनच्या धाग्यांचा, विळ्यासारखा वाकलेला पट्टा असतो. त्याला टाच नसते. जमिनीवर टेकला की तो दबतो आणि उचलताना उसळी देतो. जशी मोटारीची स्प्रिंग!

मुंबईत वाढलेल्या मानसी जोशी यांचा डावा पाय २०११ साली अपघातात गेला. कृत्रिम पाय लावून त्या पुन्हा बॅडमिंटन खेळू लागल्या. २०१९ साली त्या अपंगांच्या जागतिक स्पर्धेत पहिल्या आल्या. हरियाणाचे सुमित अंतिल कुस्ती खेळत. २०१५ साली त्यांचा पाय गेला. मग ते भालाफेक शिकले. २०२४ साली पॅरिसला त्यांनी ७०.५९ मीटर, म्हणजे सुमारे २३२ फूट भाला फेकला आणि सोन्याचे पदक मिळवले.

हे एका दिवसात होत नाही. आधी आधाराने उभे राहावे. मग चालावे. पडल्यावर उठायला शिकावे. मग चेंडू झेलावा, आणि शेवटी धावावे. गुडघा शाबूत असेल तर हे लवकर जमते. गुडघ्याच्या वर पाय कापला असेल तर जास्त सराव लागतो.

पाय नीट बसला पाहिजे. सैल पाय घासतो, घट्ट पाय रुततो. कापल्यानंतर उरलेला भाग काही महिने आटत जातो. म्हणून आधी नीट बसलेला पाय पुढे सैल होतो आणि बदलून घ्यावा लागतो. रोज रात्री कृत्रिम पाय काढावा. उरलेला भाग साबणाने धुऊन कोरडा करावा, नीट पाहावा. फोड आला किंवा लाली गेली नाही, तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असलेल्यांनी तर फारच जपावे. त्यांना कधी कधी जखम झालेली कळतही नाही.

पैशाची अडचण असली तरी वाट आहे. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून असे पाय फुकट बसवून देते. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातही चौकशी करावी.

आपल्या गावात असा कोणी असेल, तर त्याची कीव करून त्याला ओट्यावर बसवून ठेवू नका. त्याला पाय मिळवून द्या. मग मैदानात हाक मारा, "चल गड्या, खेळायला!"