कातडं ‘कमावणं’ म्हणजे नेमकं काय?



मागे केज तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीत चपला-पिशव्यांच्या धंद्याचा विषय निघाला. एकजण म्हणाली, “कातडं पण गावातच कमवू की!” तर कोपऱ्यातल्या आजी पटकन बोलल्या, “लेकी, ते काम आमच्या घरातून गेलं तवा मी गूळ वाटला होता. परत कशाला आणता?” बैठक गप्प झाली. मलाही उत्तर सुचलं नाही. मग मी आजींच्या ओट्यावर बसून ते काम आधी समजून घेतलं.

विहिरीवर मोट चालायची तेव्हा बैला-म्हशीचं जाड चामडं लागायचं. ते कमावायचं काम ढोर समाजाकडे होतं, वहाणा शिवायचं चांभार समाजाकडे. कामाची रीत अशी:

१. मीठ: कातडं काही तासांतच सडायला लागतं. म्हणून लगेच मीठ चोळायचं. नंतर पाण्यात भिजवून रक्त, घाण, मीठ धुवून काढायचं.

२. चुना: चुन्याच्या पाण्यात आठ-दहा दिवस ठेवलं की केसांची मुळं सुटतात. मग ओंडक्यावर पसरून केस खरवडायचे, उलट्या बाजूचं मांस रापीनं काढायचं आणि चुना जाईपर्यंत धुवायचं.

३. साल: बाभळीची किंवा तरवडाची साल कुटायची, हिरड्याची भरड घालायची, पाण्यात भिजवायची. आधी पातळ पाणी, मग घट्ट. पहिल्यांदाच घट्ट वापरलं तर कातडं वरून पक्कं होतं, आतून कच्चंच राहतं.

४. टांगणं: कातडं पिशवीसारखं शिवून टांगायचं, आत साल भरून पाणी ओतायचं. खाली झिरपलेलं पाणी पुन्हा वर. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची. सगळं मिळून महिना-सव्वा महिना जातो.

हे होतं कशामुळे? बाभळीची कवळी शेंग किंवा हिरडा चावून बघा, तोंड आवळून येतं. तो तुरटपणा म्हणजे टॅनिन. ते कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरतं, म्हणून कातडं सडत नाही. आजकाल बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. ते काम एक-दोन दिवसांत होतं, पण सांडपाण्यात क्रोमियम जातं.

आजी म्हणाल्या, “साल मी कुटायची, पाणी मी आणायची, झिरपलेलं परत मीच ओतायची. पैसे मात्र मालकाच्या हातात, आन् वास आला म्हणून पाणवठ्यावर लांब उभं राहायचं आम्ही सगळ्यांनी.” म्हणजे कला मोठी होती, पण ती जातीनं लादलेली होती आणि बाईची मेहनत कुणी मोजलीच नाही. मेलेली जनावरं ओढायचं सोडा, असं बाबासाहेबांनी सांगितलं ते याचसाठी. त्यामुळे आजींचा गूळ मला पटला.

तरी कुणाला स्वतःच्या मर्जीनं चामड्याचं काम करायचं असेल, तर एवढं लक्षात ठेवा:

• जनावर अचानक मेलं असेल आणि नाका-तोंडातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल, तर ते काळपुळी असू शकतं. त्याला हात लावू नका, कातडं काढू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. हा रोग माणसालाही होतो.

• चुन्यानं हात-डोळे भाजतात. हातमोजे, गमबूट घालाच. चुन्याचं आणि सालीचं पाणी ओढ्यात, विहिरीजवळ सोडू नका.

• कातडं गटानंच कमावलं पाहिजे असं काही नाही. कमावलेलं चामडं पावती घेऊन विकत आणता येतं. कोल्हापुरी चपलेतही वेणी आणि शिलाईचं बरंच काम बायाच करतात.

• ‘कोल्हापुरी’ नावाला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. बीड नाही. आपल्या चपलेला आपलंच नाव द्यावं लागेल.

त्या गटानं अजून काही ठरवलेलं नाही. एक मात्र ठरलं: ज्यांच्या घरात हे काम होतं, त्या आधी बोलतील. आणि धंदा सुरू झालाच, तर साल कुटणारीपासून शिलाई करणारीपर्यंत प्रत्येकीची मजुरी वहीत लिहिली जाईल. तुमच्या गटात हा विषय निघाला, तर सुरुवात इथूनच करा.