निकाल आधी, तपास मागून

नाशिकहून सावळघाट ओलांडून पेठला आले की पुढचा रस्ता गुजरातेतल्या धरमपूरला उतरतो. सागाचे जंगल, उतारावरची नागली-वरईची शेते आणि कोकणा, महादेव कोळी, वारली यांचे पाडे असा हा तालुका. १८५७ च्या डिसेंबरात या टापूत उठाव झाला. त्र्यंबकच्या सरकारी तिजोरीवर चाल झाली, हरसूलचा बाजार लुटला गेला. हरसूल तेव्हा पेठ संस्थानात होते. इंग्रजांनी फौज पाठवून उठाव मोडला आणि चिथावणीचा ठपका पेठच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या भगवंतराव ऊर्फ भाऊराजांवर ठेवला. सुमारे पंधरा साथीदारांसह त्यांना फाशी दिली गेली. १८८३ साली निघालेल्या नाशिक जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरात ही सारी हकिकत काही ओळींत आटोपली आहे. त्याआधीच, १८७८ मध्ये, पेठच्या बेगमच्या निधनानंतर संस्थानही खालसा झाले होते. सरकारी दप्तरात भाऊराजा बंडखोर म्हणून राहिले. पेठच्या माणसांच्या लेखी ते हुतात्मा आहेत.

या प्रकरणात गुन्हेकथेला लागणारे सगळे आहे. नाकारलेला वारसाहक्क आहे, लूट आहे, कटाचा संशय आहे आणि देशभरच्या बंडाने हादरलेले, धडा शिकवायला निघालेले सरकार आहे. नाही तो फक्त एक माणूस: थांबून विचारणारा. आदिवासी का उठले? सावकाराचे आणि जंगलखात्याचे त्यांच्याशी वागणे कसे होते? भाऊराजांविरुद्धची साक्ष किती भरवशाची होती? हे विचारायला त्या धामधुमीत कुणाला सवड नव्हती.

आंधळी श्रद्धा, सूड आणि हुकलेला न्याय हे जगभरच्या गुन्हेकथांचे तीन जुने विषय आहेत. वरवर ते वेगवेगळे दिसतात, पण तिन्हींचे मूळ एकाच ठिकाणी आहे. तिन्हींत निकाल आधी ठरलेला असतो आणि तपास मागून येतो, किंवा येतच नाही. म्हणून मला वाटते की चांगल्या रहस्यकथेतला तपास हा हुशारीचा खेळ नसतो, ते एक नैतिक काम असते. महाराष्ट्रातल्या काही कथा, काही चित्रपट आणि काही खऱ्या खटल्यांच्या आधाराने हे पडताळून पाहू.

पिंपळाखालचे धन

परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते १९७४ या काळात एकामागून एक खून होत गेले. महाराष्ट्रात दुष्काळ होता आणि या गावात लहान मुली आणि बायका मारल्या जात होत्या. गुप्तधन मिळावे, मूल व्हावे यासाठी दिलेले हे बळी होते. गाव भयाने गोठले, स्थानिक तपास अडखळला आणि मुंबईच्या गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांना पाचारण झाले. १९६८ मध्ये मुंबईच्या फुटपाथांवर झोपलेल्यांचा कर्दनकाळ ठरलेल्या रामन राघवच्या प्रकरणाचा छडा लावणारे हेच अधिकारी. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकावरून २०२४ मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही वेबमालिका आली. आशिष बेंडे यांनी ती दिग्दर्शित केली आणि आशुतोष गोवारीकर यांनी कुलकर्णींची भूमिका केली.

अशा गोष्टीत सगळ्यात भीतीदायक काय असते? रक्त नाही आणि मांत्रिकही नाही. भीतीदायक असते ती गुन्हेगाराची खात्री. एका निष्पाप मुलीच्या जिवाने आपले भले होईल, याविषयी त्याच्या मनात तिळभर शंका नसते. धन निघाले नाही तर विधी खोटा होता असे त्याला वाटत नाही, बळी कमी पडला असे वाटते. पुरावा उलटा आला की श्रद्धा आणखी घट्ट होते. त्याच्यासमोर उभा राहणारा तपास अधिकारी मात्र रोज आपलाच अंदाज तपासून पाहतो, चुकला तर टाकून देतो आणि पुन्हा साक्षीदाराच्या दाराशी जातो. या दोन वृत्तींची झुंज हीच त्या कथेची खरी गोष्ट आहे.

महाराष्ट्राने अशा प्रथांविरुद्ध कायदा केला तो २०१३ मध्ये. नरबळी, अघोरी विधी, एखाद्या बाईला डाकीण ठरवून छळणे हे सगळे त्याने गुन्हे ठरवले. या कायद्यासाठी अनेक वर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या झाडून खून झाला. वटहुकूम निघाला तो त्यानंतर. प्रश्न विचारा, पुरावा मागा, एवढेच सांगत फिरलेल्या माणसाचे तोंड पिस्तुलाने बंद केले गेले. खटल्याचा निकाल लागायला १० मे २०२४ उजाडला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. सूत्रधार वेगळे आहेत आणि तपास यंत्रणा त्यांच्यापर्यंत पोचू शकल्या नाहीत, असे न्यायालयानेच नोंदवले. शेवटच्या पानावर सूत्रधार सापडतो हा रहस्यकथेचा जुना करार. आयुष्याने तो इथे पाळला नाही.

सूडाची गोडी

मराठी माणसाला गुन्हेकथेची चटक लावली ती बाबूराव अर्नाळकरांनी. हजाराहून अधिक पुस्तके लिहिलेल्या या लेखकाचे धनंजय, झुंजार आणि काळापहाड हे नायक दोन पिढ्यांनी भाड्याच्या वाचनालयांतून रात्री जागून वाचले. ‘नवल’, ‘धनंजय’ अशा दिवाळी अंकांनीही रहस्यकथेला मानाचे पान दिले. अर्नाळकरांच्या नायकांतला काळापहाड मला विशेष महत्त्वाचा वाटतो. कायद्याच्या हाती न लागणाऱ्या बड्या चोरांना धडा शिकवणारा हा बुरख्याआडचा नायक वाचकाला पोलिसांहून जवळचा वाटला. गिरणगावातल्या, तालुक्याच्या गावातल्या वाचकाला रोजच्या अनुभवाने ठाऊक होते की कोर्टाची पायरी चढायला पैसा लागतो आणि सावकाराच्या वाड्यावर वॉरंट जात नाही. काळापहाड त्याची न्यायाची भूक भागवत होता.

पण त्या कथांत एक सोय असते. लेखकाने आधीच सांगितलेले असते की समोरचा दुष्ट आहे. नायकाचा ठोसा चुकीच्या माणसाला बसत नाही. आयुष्यात ही हमी कुणी देत नाही.

ही सोय काढून घेतली ती १९८३ च्या ‘अर्धसत्य’ने. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवर विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानी यांनी चित्रपट केला. फौजदार अनंत वेलणकर प्रामाणिक आहे. रामा शेट्टी या गुंडाला तो पकडू पाहतो आणि दरवेळी वरून फोन येतो. हा कोंडलेला संताप आधी फुटतो तो एका किरकोळ चोरावर. वेलणकरच्या मारहाणीने तो कोठडीत मरतो. तेंडुलकर-निहलानींचे बळ इथे दिसते. ज्याच्यावर राग आहे तो सुरक्षित राहतो आणि हाताशी सापडलेला दुबळा माणूस जिवाला मुकतो. शेवटी वेलणकर शेट्टीचा गळा घोटतो आणि स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन होतो. थिएटरात टाळ्या पडल्या. पण कोठडीतल्या त्या चोराचा हिशेब कुणी द्यायचा, हा प्रश्न टाळ्यांनी मिटत नाही.

बारा मारेकरी, दोनशे बायका

सूडाचा विषय निघाला की अगाथा ख्रिस्तीची १९३४ सालची ओरिएंट एक्स्प्रेसची गोष्ट आठवतेच. लहान मुलीला पळवून मारणारा एक माणूस पैशाच्या जोरावर शिक्षेतून सुटतो. बर्फात अडकलेल्या आगगाडीत त्याचा खून होतो आणि मारणारे निघतात बारा, ज्युरीत असतात तेवढेच. गुप्तहेर प्वारोला सारे कळते आणि तो त्यांना जाऊ देतो. गोष्ट रचताना ख्रिस्तीच्या डोळ्यांसमोर होते अमेरिकेतल्या लिंडबर्ग बाळाचे १९३२ मधले अपहरण.

सत्तर वर्षांनी नागपुरात याहून भेदक घटना घडली. कस्तुरबानगर वस्तीला अक्कू यादव या गुंडाने वर्षानुवर्षे छळले. खंडणी, मारहाण, बलात्कार चालूच होते. बायका तक्रारी घेऊन जात आणि पोलीस त्यांना परतवत. १३ ऑगस्ट २००४ रोजी त्याला न्यायालयात आणले गेले. तो पुन्हा सुटणार अशी बोलवा होती. भर न्यायालयात जमावाने त्याला ठार केले. त्यात सुमारे दोनशे बायका होत्या असे सांगितले गेले. आम्हा सगळ्यांना अटक करा, असे वस्तीने सांगितले. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. २०२१ मध्ये या घटनेवर ‘२०० हल्ला हो’ हा चित्रपट आला. त्यात अमोल पालेकर आणि रिंकू राजगुरू होते.

या बायकांना दोष देणे मला जमत नाही. त्यांनी आधी पोलीस ठाण्याचा उंबरा झिजवला होता. पण ज्या जागी न्याय व्हायचा त्याच जागी तो हाताने करावा लागला, ही त्या वस्तीची हार नव्हती, ती आपल्या व्यवस्थेची हार होती. प्वारोने आगगाडीच्या डब्यात घेतलेला निर्णय वाचताना गोड वाटतो, कारण ख्रिस्तीने खरा गुन्हेगार कोण हे आपल्याला सांगून ठेवलेले असते. नागपुरात ते वस्तीला माहीत होते. पुढच्या गावात ते माहीत असेलच असे नाही.

लहान्या का बोलत नाही

हुकलेल्या न्यायाची सर्वांत खोल गोष्ट ‘आक्रोश’ सांगतो. १९८० चा हा चित्रपटही तेंडुलकर आणि निहलानींचाच. लहान्या भिकू या आदिवासी मजुरावर बायकोच्या खुनाचा आरोप आहे. त्याच्या बचावासाठी नेमलेला तरुण वकील भास्कर कुलकर्णी त्याला परोपरीने विचारतो आणि लहान्या तोंड उघडत नाही. समोर सरकारी वकील आहे दुसाणे. तो भास्करचा गुरू आहे आणि स्वतः आदिवासी आहे. बायकोवर अत्याचार करणारे गावातले प्रतिष्ठित आहेत, तेच सत्ता आहेत, तेच साक्षीदार. वडिलांच्या अंत्यविधीसाठी बेडीतून आणलेला लहान्या, ठेकेदाराच्या माणसाची नजर बहिणीवर पडलेली पाहून, कुऱ्हाडीने तिलाच तोडतो. मग तो ओरडतो, आणि ती ओरड कुठल्याही कलमात बसत नाही.

पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या वाचकाला हा चित्रपट दूरचा वाटणार नाही. कोर्टाची भाषा वेगळी, अंतर लांब, एक दिवस तारखेला गेले की एका दिवसाची मजुरी बुडाली. जामीन राहायला सातबारा लागतो आणि कसत असलेली वनजमीन नावावर नसते. अशा वेळी गप्प राहणे हीच गरिबाची साक्ष होते.

हा चित्रपट येण्याच्या आधीच्या वर्षांत महाराष्ट्रातच एक खटला गाजला होता. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, उच्च न्यायालयाने दोषी धरले आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. मुलीने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत, म्हणजे तिची संमती असावी, असा तो तर्क होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात, संमती नव्हती असे बाईने सांगितले तर न्यायालयाने ते धरून चालावे, असे ठरले. त्या मुलीला न्याय मिळाला नाही. तिच्यानंतरच्या मुलींसाठी मात्र दार थोडे उघडले. ते उघडले सूडाने नाही, तर निकालपत्र ओळीओळीने वाचून त्यातली चूक दाखवणाऱ्या चार माणसांनी.

पडद्याबाहेर

हा विषय पुस्तकांपुरता राहिला असता तर एवढे लिहिण्याची गरज नव्हती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असा निरोप मोबाईलवर फिरत होता. मेलेले पाचही जण भिक्षा मागून जगणारे होते. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेतून, पोलिसांच्या डोळ्यांदेखत मारले गेले. मारणाऱ्यांना वाटत होते की आपण गावची मुले वाचवतो आहोत. अंधश्रद्धाळूची ती आंधळी खात्री, सूडाचा तो संताप आणि पोलीस वेळेवर येत नाहीत हा जुना अनुभव, तिन्ही तिथे एकत्र आले.

गुन्हेकथेने आपल्याला जे शिकवायचे ते इथे उपयोगी पडायला हवे होते. चांगली गुन्हेकथा वाचकाला तीनदा चुकीच्या माणसावर संशय घ्यायला लावते आणि तिन्ही वेळा त्याला मागे खेचते. ज्याने आयुष्यभर असे वाचन केले, त्याला एवढे तरी कळावे की पहिला संशय बहुतेक वेळा खोटा निघतो. नुसत्या सूडाच्या आनंदावर बेतलेली कथा, सिनेमा किंवा मालिका ही सवय मोडते, आणि बदला घेणारा नायक पाहून टाळ्या वाजवणारे आपण त्याला हातभार लावतो. लेखकांकडे माझे मागणे आहे की नायकाच्या हाती बंदूक देण्यापूर्वी त्याच्या हाती एक न पटणारा पुरावा द्या. तो काय करतो ते दाखवा. गोष्ट तिथे सुरू होते.

आणि वाचकांना एक विनंती. गावात अनोळखी माणूस दिसला आणि फोनवर काही भयंकर निरोप आला, तर तो पुढे पाठवू नका. ११२ ला फोन करा, पोलीस पाटलांना बोलवा आणि त्या माणसाला घराच्या ओट्यावर बसवून पाणी द्या. कुणा आदिवासी शेजाऱ्यावर खटला असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे त्याला घेऊन जा. तिथे गरिबाला वकील फुकट मिळतो, हे पुष्कळांना अजून ठाऊक नाही. पोलीस येईपर्यंतचा अर्धा तास धीर धरणे आणि तारखेच्या दिवशी शेजाऱ्याबरोबर कोर्टात जाणे, एवढे आपल्या हातात आहे. ते आपण केलेच पाहिजे.